तिसरी तपासणी

४ जून

बबडे,

या पत्रात एकही सूचना नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे तू बिनधास्त पुढे वाचशील.

सोबतच्या खोक्यात मशीन आहे, तुझ्यासाठी. तुझ्या आत्याने मला दम भरलाय, "दादा, पाठवायचं तर नुसतं मशीन पाठव. चिठ्ठ्या नकोत, बाण काढलेले कागद नकोत, आणि 'सावधान' हा शब्द तर अजिबात नको." मी म्हटलं, बरं बाई. तुझ्या घरून मी निघालो तेव्हा तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यांना मी कापूस बांधला, प्लगच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, जावईबापूंचा वस्तरा माळ्यावर असा काही ठेवला की तो मलाही सापडेना. हे सगळं मान्य. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या भीतीने माझा श्वास कोंडतो. पत्रातही सूचनाच लिहिणार असाल तर पत्रंसुद्धा नकोत." तरी मी लिहीतच राहिलो, आणि तू उत्तर द्यायचं सोडून दिलंस. माझा फोनही उचलायचं सोडलंस. असो. कानाला खडा लावलाय आता.

मशीनबद्दल सांगतो. एक हातमोज्यांचा कारखाना बंद पडला, त्याच्या भंगारात हे मला मिळालं. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेल, बाजूला त्याचीच जुनी मोटर. सुईच्या पुढ्यातली फुलं पुसली गेलीत, कारण कोणीतरी बाई वर्षानुवर्षं तिथून कातडं सरकवत बसलेली असणार. ती फुलं मी मुद्दाम रंगवली नाहीत. जुन्या मशीनला रंग फासून नवं म्हणून विकणाऱ्यांना माझ्या लेखी माफी नाही. आत कोणा शहाण्याने खायचं तेल घातलं होतं. ते गोंदासारखं घट्ट बसलेलं. चाक तसूभर हलेना. रॉकेल घालून, वाट बघून, पुन्हा घालून, शेवटी एका सकाळी ते फिरलं तेव्हा मी एकटाच वर्कशॉपमध्ये टाळ्या वाजवल्या.

पेडलही मी आतून नवं केलंय. त्याच्या झाकणावर लाल ठिपका दिसेल. तुझ्या आईचं नेलपॉलिश. ती गेल्यावर बाटली वर्कशॉपमध्ये आणली आणि थिनर घालघालून जिवंत ठेवली. पास झालेल्या भागावर एक ठिपका. ठिपका म्हणजे मी जबाबदार.

निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने एक शिवण घालून पाहिली. टाके कसे एकसारखे पडलेत! तो तुकडा पेटीच्या कप्प्यात ठेवलाय, तूच बघ. नाहीतर परवा एक शिंपी आला होता, तोंड पाडून म्हणतो, मशीन बिघडलं, टाकाच पडत नाही. बघतो तर सुई उलटी लावलेली. इतकी वर्षं लोकांच्या मापाला नावं ठेवली आणि स्वतःच्या सुईची बाजू कळेना. मी त्याची इतकी चेष्टा केली की चहासुद्धा न पिता गेला बिचारा.

ठमीला तिच्या आजोबांचा पापा. ती आता चालत असेल. नव्हे, पळतच असेल.

तुझे,
बाबा

१२ जून

बबडे,

सहजच लिहितोय. मशीन पोचल्याची पावती आली. छान झालं.

तू ते लावलंस का? घाई काहीच नाही. मी तर म्हणतो, राहू दे काही दिवस खोक्यातच. एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, की त्या पेडलचा रंग मशीनशी जुळत नाही. मशीन काळंभोर आणि पेडल जरा तपकिरीकडे झुकणारं. इतक्या देखण्या मशीनला ते शोभत नाही. माझ्याकडे त्याच घडणीचं दुसरं आहे, ते पाठवतो. तुझ्याकडचं तेवढं परत पाठव. ते तू लावूच नकोस, उगाच रंग बघून तुझं मन मशीनवरूनच उडायचं.

तुम्ही मशीन कुठल्या खोलीत ठेवलंय? जमिनीवर की टेबलावर? नुसतं विचारतोय. ही सूचना नाही, प्रश्न आहे.

अक्षर खराब आलंय, पेन बरोबर नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पेडल पाठव.

बाबा

१५ जून

बबडे,

आत्याने तुला फोन केला होता, तो माझ्या सांगण्यावरून. ती म्हणाली की तू हसलीस आणि म्हणालीस, "काळ्या मशीनला तपकिरी पेडल मस्त दिसतंय, बाबांना सांग." दिसतंय म्हणजे तू ते खोक्यातून काढलंस. दिसतंय म्हणजे ते जमिनीवर आहे.

रंगाचं मी खोटं सांगितलं. आता खरं सांगतो, आणि तुला आवडो न आवडो, ही सूचना आहे. ते पेडल लावू नकोस.

हे मशीन मला कुठे मिळालं ते तुला सांगितलंच नाही. एक छत्र्यांचा कारखाना बंद पडला. त्याच्या भिंतींवर काळ्या छत्र्या अजून टांगलेल्या होत्या. तिथे मशीनबरोबर एकसारखी दोन पेडलं मिळाली. दोन्हींना मी बाहेरून नवी वायर लावली. मग एक पेडल आतूनही पुरतं दुरुस्त केलं. दुसरं तसंच ठेवलं, पुढे सवडीने करू म्हणून. दुरुस्त केलेल्यावर लाल ठिपका दिला.

आतून दुरुस्त म्हणजे काय, ते ऐक. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून जुन्या पेडलांत एक कंडेन्सर घालायचे. बोटाच्या पेराएवढी नळी असते. म्हातारी झाली की ती आतून फुटते आणि मग पेडलवर पाय नसतानाही वीज पुढे जाते. नुसता प्लग लावला की मशीन सुरू. कधी लगेच, कधी पेडल तापल्यावर. आम्ही ती नळी पहिल्यांदा कापून फेकतो.

आता माझा पराक्रम ऐक. ठिपका दिलेलं पेडल मी दोनदा तपासलं. खोकं बंद करायच्या आधी मला राहवेना. ठमी डोळ्यांसमोर आली. म्हटलं, तिसऱ्यांदा बघू. दोन्ही पेडलं शेजारी ठेवून उघडली, नवं काम आणि जुनं काम ताडून पाहायला. सगळं ठीक आहे अशी खात्री करून घेतली, आणि झाकणं लावताना अदलाबदल झाली. ठिपका झाकणावर होता, बबडे. तो धोक्याच्या पेडलवर जाऊन बसला आणि मी तेच बांधून पाठवलं. गेल्या आठवड्यात दुसरं पेडल उघडलं तर आत माझंच नवंकोरं काम. लगेच तुला ते रंगाचं पत्र लिहिलं.

मी घाबरलो नसतो तर हे झालंच नसतं. तिसऱ्यांदा उघडलं म्हणून झालं. याच्यावर तुला हसायचं तर मनसोक्त हस, पण प्लग लावू नकोस.

असं एक पेडल पूर्वी माझ्याकडे आलं होतं. तू तेव्हा शाळेत होतीस. दुपारची वेळ, मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो आणि वर्कशॉपमधून मशीन चालल्याचा आवाज आला. वाटलं, तुझी आईच बसली असेल. पण माणूस मशीन चालवतं तेव्हा आवाज थांबतो, पुन्हा सुरू होतो, कोपरा आला की मंदावतो. हा आवाज थांबतच नव्हता. आत गेलो तर खुर्ची रिकामी. सुई वरखाली नाचत होती, खाली कापडाचा बोळा झालेला, आणि पेडलमधून धूर. तुझी आई मागून आली आणि दारातच थबकली. त्या आवाजाने मी अजून दचकून उठतो.

ठमी आता हात लावायच्या वयात आहे. चकचकीत दिसेल तिथे बोट घालेल. मला पुढचं लिहवत नाही.

मला उत्तर नको. आत्याला फोन करून एवढंच सांग, की प्लग काढला.

बाबा

१९ जून

बबडे,

आत्या म्हणते, "तिने मशीन लावलेलंच नाही, तू शांत हो." तुला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणते, "तिनेच सांगितलं." मी तिला म्हटलं, बबडीच्या सांगण्याचं काय घेऊन बसलीस. लहानपणी दूध संपवलं म्हणून सांगायचीस आणि कुंडीतलं रोप दुधाने कुजायचं. तू माझ्या कटकटीतून सुटण्यासाठी काहीही सांगशील. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

माझी मागची पत्रं तू उघडतेस की नाही, कोण जाणे. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की बाजूला टाकत असशील. जन्मभर मी तुला भिववत आलो. झोपाळ्याला भ्यायला लावलं, गच्चीला, सायकलला, नदीला. त्यातलं एकही संकट आलं नाही. आज खरोखरचं आलंय तर माझा आवाज तोच, शब्द तेच. तुला फरक कुठून कळणार? वेगळ्या आवाजात ओरडायला मला येत नाही.

आत्याचंही काहीतरी बिनसलंय. हल्ली रोज येते. येऊन माझ्यासमोर बसते आणि भलतंच विचारते. आज वार कोणता? दुपारी काय जेवलास? परवा कोण आलं होतं? मी म्हटलं, मी काय परीक्षेला बसलोय का? तर डोळे पुसायला लागली. कांदा चिरत होती म्हणे. कांदा कुठेच दिसला नाही मला. आणि माझी रॉकेलची बाटली तिने कुठे नेली देव जाणे. तीन मशीनं चाकं अडकून पडलीत, एकाचं पोट उघडं आहे, ते कोणाचं तेही आता बघावं लागेल.

पण ते जाऊ दे. मी तुझ्याकडे यायला निघतोय. गाडीचं तिकीट काढलं. एवढ्या लांब एकटा मी कधी आलेलो नाही, तू जाणतेसच. दुरुस्त केलेलं पेडल पिशवीत घातलंय, एक पेचकस, आणि ती नळी कापायला पक्कड. घरात घेतलं नाहीस तरी चालेल. दारातून पेडल दे, हे घे, मी तसाच मागे फिरेन. ठमीला खिडकीतून दाखव फक्त. तिची सगळी बोटं मला मोजू दे, की सुटलो.

मला येताना सारखा तो आवाज ऐकू येणार आहे, न थांबणारा.

येत्या रविवारी निघतो.

बाबा

२३ जून

बाबा,

रविवारी निघू नका. हे पत्र कुरिअरने पाठवतेय, म्हणजे त्याआधी मिळेल. आत्यालाही बजावून ठेवलंय. फोन केला असता, पण बोलताना मला रडू येईल आणि ते ऐकून तुम्ही आणखी घाबराल.

आधी तुम्हाला हवं ते सांगते. ठमीची बोटं जागच्या जागी आहेत. मशीन एकदाही सुरू झालेलं नाही. खोकं आलं त्याच दिवशी, प्लग लावायच्या आधी, मी पेडल उघडलं. तुम्हीच शिकवलंत ना, दुसऱ्याने दुरुस्त केलेलं असलं तरी आधी उघडून बघायचं. आत ती नळी होती, एका बाजूने फुगलेली. मी ती कापून फेकली. ठिपक्याचं झाकण दुसऱ्याच पेडलवर बसलं असणार हे मला तेव्हाच कळलं. खरं सांगू? मी हसले. म्हटलं, चला, बाबासुद्धा चुकतात.

मग सुई पाहिली.

बाबा, सुई उलटी होती.

मला वाटलं, वाटेत सैल होऊन फिरली असेल. पण स्क्रू घट्ट आवळलेला होता. उलट्या सुईवर टाका पडत नाही, हे तुम्ही मला वाचायला शिकवण्याआधी शिकवलंत. मग मी कप्प्यातलं निळं कापड काढलं. त्यावर शिवण नाही. नुसती भोकांची सरळ रेघ आहे. दोरा कुठेच नाही. आणि तुम्ही लिहिलंय, टाके एकसारखे पडलेत.

तेव्हा मी तुमची सगळी बंद पत्रं उघडली. दोन वर्षांची. जमिनीवर बसून एकामागून एक वाचली. पहिल्या वर्षीच्या पत्रांत सूचनाच सूचना आहेत, पण त्या सगळ्या बरोबर आहेत. नंतरच्या पत्रांत तीच सूचना एकाच पानावर दोनदा येते. एका पत्रात तुम्ही मला आईच्या नावाने हाक मारलीये. या महिन्यातली चारही पत्रं आली तशी वाचली. त्यात मशीन एकदा हातमोज्यांच्या कारखान्यातून आलं आणि एकदा छत्र्यांच्या, आणि दुसऱ्यांदा तुम्ही लिहिलंत की हे तुला सांगितलंच नाही.

आत्याला मीच सगळं सांगितलं. तुम्हाला काही कळू देऊ नकोस म्हटलं. रंगाबद्दल हसले तेही तिच्यासाठीच, ती फोनवर रडायला लागली होती. तिच्या प्रश्नांचा राग धरू नका. रॉकेल तिने माझ्या सांगण्यावरून नेलं.

तुम्ही पेडलची चूक किती नीट समजावून सांगितलीत. तिसऱ्यांदा तपासलं म्हणून झालं, असं तुम्हाला वाटतं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. मी खूप प्रयत्न केला.

तुमच्या भीतीचा मला राग यायचा, बाबा, पण माझा सगळा भरवसाही तिच्यावरच होता. बाबांनी बघितलंय ना, मग झालं, असंच मला वाटत आलंय, तुमच्याशी भांडतानासुद्धा. आता मी कशाच्या भरवशावर राहू? गेले कितीतरी दिवस मी धास्तावलेली आहे. मशीनला नाही घाबरत, तुम्ही गॅस पेटवताय या विचाराने घाबरते.

मी येतेय. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर असेन. कदाचित साधंच काही असेल. तोवर वर्कशॉपला कुलूप लावा आणि किल्ली आत्याला द्या. तुम्ही चिडाल. चिडा.

तुमची,
बबडी

२७ जून

बबडे,

किल्ली आत्याला दिली.

चिडलो होतो आधी. आत्यावर ओरडलो, तुझ्या पत्रावर ओरडलो. मग वर्कशॉपमध्ये गेलो. तुला दाखवायचं होतं की सगळं जागच्या जागी आहे. उघडं पडलेलं ते मशीन समोर होतं. कोणाचं आहे, काय बिघडलंय, मी ते का उघडलं, काही केल्या आठवेना. त्याचे स्क्रू बशीत काढून ठेवलेले होते, माझ्याच पद्धतीने, मोठ्यापासून लहानापर्यंत. मी त्यातला एक हातात घेतला आणि तो कुठे बसतो ते मला कळलं नाही. साधा स्क्रू, बबडे. बराच वेळ घेऊन उभा होतो. मग आत्याला हाक मारली आणि म्हटलं, लाव कुलूप.

आजवर मी दुसऱ्यांसाठी घाबरलो. तुझ्यासाठी, तुझ्या आईसाठी, गिऱ्हाइकांच्या बोटांसाठी. त्या भीतीवर काहीतरी करता यायचं. वायर बदलायची, चिकटपट्टी लावायची, पत्र लिहायचं. या भीतीला कुठून हात घालायचा ते मला कळत नाही. छत्र्या मला दिसतात. भिंतीवर ओळीने टांगलेल्या, धूळ बसलेल्या. तू म्हणतेस मी हातमोजे लिहिलं होतं. लिहिलं असेन. मग त्या छत्र्या मी कुठे पाहिल्या?

आत्या रात्री इथेच झोपायला येते. मी नको म्हणत नाही.

एवढा लांबचा प्रवास, बरोबर लहान पोर, गाडीला गर्दी. मी तुला येऊ नकोस असंच लिहिणार होतो. तसं एक पत्र अर्धं लिहूनही झालं होतं. फाडून टाकलं. तू ये. मिळेल त्या गाडीने ये.

आणि ठमीला घेऊन ये. मला ती ओळखू येतेय तोवर घेऊन ये.

बाबा